टीव्हीवर वारलेली शेजारीण

माझ्या शेजारणीला परत एकदा टीव्हीवर दिसायचं होतं. बाकी कशातच तिचा जीव राहिला नव्हता. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्याच दारात ती एकटी राहायची. सत्तरी उलटलेली फ्रेंच बाई, पण कचऱ्याची पिशवी टाकायला निघाली तरी लिपस्टिक लावून निघायची. "कुणी पाहिलं तर?" म्हणायची. पाहायला मजल्यावर आम्ही, एक मल्याळी कुटुंब आणि सकाळी लादी पुसायला येणारा माणूस.

ओळख झाली ती माझ्या फ्रेंचमुळे. पुण्यात आम्ही फ्रेंच घेतो ते फ्रान्सला जायला नाही, मार्कांसाठी. स्कोअरिंग विषय. त्या शिदोरीवर मी इथे सबटायटल्सचं काम करते. एकदा लिफ्ट बंद पडली आणि ही बाई फ्रेंचमधून लिफ्टचा उद्धार करत उभी होती. मी पुस्तकातलं अख्खं वाक्य म्हटलं, लिफ्ट लवकरच दुरुस्त होईल, मादाम. ती वळून म्हणाली, "तुझं फ्रेंच इतकं स्वच्छ आहे, कुणी वापरलेलंच नाही असं वाटतं." मला राग आला आणि बाई आवडलीही. तेव्हापासून दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसायला लागले. ती मला तू म्हणायची, मला मात्र काही केल्या तिला तू म्हणवेना.

तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात जन्म, वडील मासळीच्या गोदामात कामाला. विशी ओलांडताच ती टीव्हीवर गेली. दोन कार्यक्रमांच्या मध्ये येऊन पुढे काय बघायला मिळेल ते हसून सांगायचं, एवढंच काम. आपल्याकडे दूरदर्शनच्या निवेदिका असत तशी. कंबरेच्या वरचंच दिसायचं, म्हणून थंडीत खाली नवऱ्याची लोकरी विजार घालून बसायची. मग एका मालिकेत तिला हॉटेल चालवणाऱ्या विधवेची भूमिका मिळाली. ती इतकी चालली की बाजारात लोक तिला खोलीचं भाडं विचारायचे. त्यानंतर दुपारचा कार्यक्रम, पाहुणे, गप्पा, पाककृती, सगळं हिच्या हातात. आणि पन्नाशीला आल्यावर एका उन्हाळ्यात सुट्टीवरून परत आली तर मेकअपच्या खोलीवर दुसऱ्याच मुलीचं नाव. वरच्यांपैकी कुणी सांगायची तसदी घेतली नव्हती, ते मेकअपवालीने रडत रडत सांगितलं. उगवत्या सूर्याला नमस्कार करायला फ्रेंच लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

पहिला नवरा केव्हाच सोडून गेला होता. दुसरा फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर इंजिनियर, त्याच्याबरोबर ती इकडे आली आणि तो इथेच गेला. मुलगा अल ऐनच्या एका इस्पितळात नोकरीला. आईचा व्हिसा, आईचं घर, सगळं त्याने केलं होतं. महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचा, फ्रीज भरायचा आणि घड्याळ बघत बसायचा. वाईट नव्हता. त्याला आईच्या जुन्या गोष्टी पाठ झाल्या होत्या, इतकंच.

मागच्या हिवाळ्यात तिच्या जुन्या कॅमेरामनचा मेसेज आला. तिचं चॅनेल एका रविवारी, तिकडच्या दुपारी, एक मोठा कार्यक्रम करणार होतं, जुन्या सगळ्या चेहऱ्यांना स्टेजवर बोलावणार होतं. झालं. आपल्यालाही बोलावतील हे तिने धरूनच टाकलं. चॅनेलला पाठवायला व्हिडिओ हवा म्हणाली, आणि मी फोन घेऊन तिच्या बाल्कनीत उभी राहिले. तिने मला दोनदा हलवलं, उजेड कुठून येतो ते पाहिलं, चेहऱ्याची डावी बाजू जरा पुढे केली आणि बोलायला लागली. मी हबकलेच. दुपारी पाय दुखतात म्हणून कुरकुरणारी बाई कुठल्या कुठे गेली. आवाज तरुण झाला, खालच्या शेख झायेद रोडचा गोंगाट ऐकू येईना. एका दमात, एकही शब्द न अडखळता तिने सांगितलं की मी ठणठणीत आहे, या म्हणाल तेव्हा येते.

उत्तर आलं ते मशीनचं, आपला संदेश मिळाला. ती मला रोज विचारायची, बोलावतील ना? मी म्हणायचे, बोलावतील.

"तू इन्शाल्ला म्हण ना," माझा नवरा म्हणाला. "खोटं बोलल्याचं पाप तरी नाही लागणार. आणि यल्ला, जेवायला वाढ. हिरॉईनची सेक्रेटरी झालीयस तू, सिरियसली."

फोन आला नाही. केस रंगवून झाले, बॅग भरून झाली, टीव्हीवाले अगदी आयत्या वेळी बोलावतात असं मला सांगून झालं. शेवटी तो रविवार उजाडला आणि इकडच्या संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या सोफ्यावर लॅपटॉपसमोर बसलो. बघायलासुद्धा ती हिरवा रेशमी ब्लाउज घालून बसली होती. स्टेजवर एकेक म्हातारे चेहरे येत होते. हिच्या बरोबरीची एक निवेदिका काठी टेकत आली, तेव्हा "हिची स्मरणशक्ती कधीच चांगली नव्हती" असं माझी शेजारीण पुटपुटली. मी हसले. बोलावलं नाही तर नाही, बाई सावरली, असं मला वाटलं.

मग दिवे मंद झाले, पियानो सुरू झाला. आपल्याला सोडून गेलेले, असं निवेदक म्हणाला. पडद्यावर एकेक फोटो यायला लागला. चौथा की पाचवा फोटो तिचा होता. विशीतला, हसरा. खाली तिचं नाव. स्टुडिओतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

ती पुढे झुकून बघत होती. "डावी बाजू घेतलीय," ती म्हणाली. "चांगली आहे." मी तिचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता.

पण खरं वाईट पुढेच झालं. चॅनेलने कार्यक्रमाचा तो भाग इंटरनेटवर टाकला आणि त्या व्हिडिओखाली लोक लिहायला लागले. कुणाची आई हिच्यासाठी दुपारचं काम टाकून बसायची, कुणी आजारपणात हिला बघून दिवस काढले होते. इतकी सुंदर बाई गेली आणि आम्हाला कळलंही नाही, असं शेकड्यांनी लिहिलं होतं. ती चष्मा लावून सगळं वाचायची, मला मोठ्याने वाचायला लावायची, गालांवर रंग चढायचा. चॅनेलला कळवायला हवं असं मी म्हटल्यावर तिने माझं मनगट धरलं. "नको. मी आहे हे सांगू नकोस कुणाला." जिवंतपणी वीस वर्षं कुणी विचारलं नाही त्या बाईला मेल्यावर एवढं मिळत होतं, आणि मी कोण ते काढून घेणार?

मुलाने कळवलं. कुठल्याही मुलाने कळवलं असतं. चॅनेलने सभ्यपणे माफी मागितली, जुना व्हिडिओ उतरवला आणि दुरुस्त केलेला चढवला. त्यात तिचा फोटो नव्हता. बरोबरच होतं, मेलेल्यांत तिचं काय काम? आणि जिवंतांत तिला बोलावलंच नव्हतं. जुन्या व्हिडिओबरोबर लोकांनी खाली लिहिलेलंही सगळं गेलं.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती लॅपटॉप मिटून बसली होती, ओठ कोरडे, लिपस्टिक नाही. तिला धीर द्यावा म्हणून मला आमच्या घरात अशा वेळी जे म्हणतात तेच आठवलं. मी माझ्या स्वच्छ फ्रेंचमध्ये सांगितलं की आमच्याकडे जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली तर ते शुभ मानतात, त्या माणसाचं आयुष्य वाढतं.

माझं फ्रेंच चुकलं असं तिला वाटलं. तिने परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं, वाढतं.

"म्हणजे अजून?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "पुष्कळ."

आमच्याकडे हे ऐकून माणसं हसतात. ती दोन्ही हातांत तोंड खुपसून रडायला लागली, आणि तिला काय बोलून थांबवावं ते मला मराठीतही सुचेना.