बाळाचे पाय खाली हायेत, रक्त द्याले कोण येते?

बाळ पोटात उलटं हाय असं सकाळी दवाखान्यातून या ग्रुपवर लिहिलं, त सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. चित्रानं बाळ फिरत नाही. बरं, आता सगळ्यांले रामराम.

नात पहिल्या बाळंतपणाले माझ्याकडे आली हाय. तिले लहानपणापासून मीच वाढवली. आज भंडाऱ्याले डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी पाहून सांगितलं, "आजी, बाळाचे पाय खाली आहेत. मंगळवारी ऑपरेशन करू. त्याआधी कळा आल्या तर घरी थांबू नका. रक्त द्यायला माणूस सोबत आणा." म्हातारीचं रक्त चालत नाही म्हणे.

घरी आली त नातीच्या सासूचा फोन. "कायले पोट फाडता? तुम्हीबी पायाळूच, पायाकडूनच जन्मल्या, अन् घरीच झाल्या. दाईकडून पोट चोळून घ्या, बाळ फिरते."

मी म्हटलं, "मी जगली बाई. माही माय त्याच दिवशी गेली."

तिनं फोन ठेवला.

पायाळूच्या लाथेनं चमक जाते म्हणून कमर धरली का अर्धं गाव माही लाथ घ्याले येते. आज ओसरीवर कोणी नाही. नातीनं इचारलं, "आजी, तुले भेव लागते का?" मी नाही म्हटलं. खोटं बोलली.

नातजावई, मंगळवारी रक्त द्याले येतोस का नाही, तूच लिही. तुह्या मायनं लिहू नये.