बिनतिखट पाहुणचार

आमचे वडील, म्हणजे नाना, पाहुण्याला कधी काही विचारत नसत. "विचारलं की पाहुणा संकोचतो. त्याला काय हवं ते यजमानालाच कळायला हवं," असं त्यांचं मत होतं. मालेगावच्या साडूंना मधुमेह असताना त्यांनी दोन्ही वेळा श्रीखंड वाढलं होतं. साडू संकोचले नाहीत, आजारी पडले.

सत्त्याण्णव साली माझी धाकटी बहीण सुधा विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेतून वर्षभरासाठी मेक्सिकोला गेली. नानांना अमेरिका हवी होती. पण "मेक्सिको म्हणजे अमेरिकेचा खालचा मजला," असं सांगून त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या शेजाऱ्यांचं आणि स्वतःचं समाधान केलं. सुधा ज्या घरी राहणार होती, त्या घरची लेक आमच्याकडे आली. लुपे तिचं नाव. सतरा वर्षांची, सावळी, हसरी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, ही तर विंचूरकडची वाटते." नानांना ते रुचलं नाही. परदेशी पाहुणा परदेशी दिसायला नको का?

ती येण्याआधीच नानांनी फर्मान काढलं होतं : घरात तिखट बंद. परदेशी पोटाला मिरची सोसत नाही.

"तिला विचारून तरी बघा," आई म्हणाली.

"पाहुण्याचं करायचं असतं, चौकशी करायची नसते."

मग चाळीस दिवस फिक्कं वरण, उकडलेला बटाटा आणि दुधी. मिसळीच्या गावात राहून आम्ही दवाखान्यातलं जेवण जेवत होतो. मी कॉलेजच्या नावाखाली मिसळ खाऊन येई. आई कोठीच्या खोलीत उभ्याउभ्या ठेचा-भाकरी खाई. लुपे निमूट जेवायची आणि वाळत चालली होती. "मेक्सिकोत दुष्काळ असावा," नाना तिच्यादेखत मराठीत म्हणत. "पोरीला खायची सवयच नाही."

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे तिला पांडवलेण्यांच्या आधी कालवे बघावे लागले. प्रत्येक दरवाजातून किती पाणी सुटतं, हे ते तिला संथ आणि मोठ्या आवाजात इंग्रजीतून सांगत. इंग्रजी पुरेसं मोठ्यानं बोललं की त्याचं स्पॅनिश होतं, अशी त्यांची समजूत असावी.

एके दिवशी सुधाचं पत्र आलं. नाना ते जेवताना मोठ्यानं वाचू लागले. "इथली माणसं प्रेमळ आहेत. पण नाना, ही आपल्यापेक्षा तिखट खातात. कलिंगडाच्या फोडीवरसुद्धा मिरचीपूड. लुपेच्या आईला एकच काळजी आहे. तिच्या लेकीला मिरचीशिवाय घास उतरत नाही..."

नाना थांबले. लुपे वरणभात कालवत होती.

"विचार तिला, खरं का ते," ते मला म्हणाले.

मी इंग्रजीत विचारलं. लुपेनं खाली बघत सांगितलं, "मला वाटलं, या घरात कुणाला तरी पोटाचा मोठा आजार आहे. त्या माणसासाठी तुम्ही सगळे सोसताय. मग मी कसं मागू?"

मी ते मराठीत सांगितलं. आई उठली आणि कोठीतून ठेचा घेऊन आली. लुपेनं भाकरीच्या तुकड्यावर तो घेतला, एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बघ, मी सांगत होतो. लागलं तिखट," नाना घाबरून म्हणाले.

"तिखट नाही लागलं," आई म्हणाली. "घर आठवलं तिला."

दुसऱ्या दिवशी नाना बाजारातून दोन किलो मिरच्या घेऊन आले. तेव्हापासून लुपेला ते न विचारता शेवयांच्या खिरीबरोबरही ठेचा वाढू लागले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती निघाली. नाशिकरोड स्टेशनवर नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. परक्या मुलखात चाळीस दिवस उपाशी ठेवलं तुला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तिला सांगू नकोस."

लुपेनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाना, मला दिवाळीपासून मराठी सगळं समजतं."

गाडी गेली. आम्ही रिक्षानं परतलो. घराच्या फाटकाशी उतरल्यावर नानांनी मला विचारलं, "फोटोतल्या तिच्या वडिलांच्या मिशांवरून मी तिच्यादेखत बोललो होतो, ते दिवाळीच्या आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हणालो.