बाणकोटचं वादळ

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की भोर संस्थानच्या काळातली, हिर्डोशीतल्या शेजाऱ्यांची चूल आठवते. त्यांची लेक बाणकोटला दिलेली. वरंधा घाट चढून माहेरी येताना ती बोंबील आणायची. मला तेव्हा कादंबरीसाठी वादळ सोसलेलं खरंखुरं बंदर हवं होतं. तिचा खलाशी नवरा बाणकोटच्या वादळात गलबतासकट नाहीसा झालेला, पण प्रेत मिळालं नाही म्हणून तिनं कुंकू पुसलं नव्हतं. वारा कुठून सुटला, बायका किनाऱ्यावर कुठं उभ्या होत्या, मी विचारत राहिलो आणि ती बोंबील उलटवत सांगत राहिली. शेवटी म्हणाली, “दादा, गोष्टीत तरी त्यास्नी घरी आणा.” मी “आणतो” म्हणालो. कादंबरीत तो बुडतो ते प्रकरण लोक अजून वाखाणतात; तिला वाचता येत नव्हतं, याचंच मला बरं वाटतं.