ढगाखाली ताडपत्री

तीन वर्षं मी वादळांचे फोटो टाकतोय आणि तीन वर्षं तुमचा या ग्रुपवर एकच टोमणा: "ढग भारी आहे, पण केवढा होता ते कळत नाही." आजचा फोटो नीट बघा.

दुपारी वैजापूर रस्त्यावर होतो. मोबाइलवरचं रडार वादळ उत्तरेला चाललंय म्हणत होतं. शेतात एक मावशी, त्यांचा मुलगा आणि सून काढलेल्या कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढत होते. मी उत्तरेचा रस्ता विचारला.

"तिकडं काय नाय. वारं फिरलंय, इथंच येतंय," मावशी म्हणाल्या.

मी तिथंच, शेताच्या लांबच्या बांधावर कॅमेरा लावला, दर दोन सेकंदाला आपोआप फोटो निघेल असा. फ्रेममध्ये माणूस नको हा माझा जुना हट्ट, म्हणून त्यांना बाजूला व्हा म्हणणार, तेवढ्यात काळा ढग अंगावर आला आणि ताडपत्रीचं टोक उडालं.

"बघत काय उभा राहिलास? धर की ते टोक," मावशी ओरडल्या.

धरलं. चौघांनी कडेनं दगड ठेवले. मग कॅमेरा उचलून गाडीत पळालो, स्वतःला शिव्या घालत. मोक्याची वेळ ताडपत्रीत गेली होती, वर फ्रेममध्ये माणसं.

घरी येऊन पाहिलं, कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. आभाळभर ढग, मागं वीज, खाली मुंग्यांएवढी चार माणसं. कांदाही कोरडा राहिला, असं सुनेनं कळवलं. सुनेनं घाईत दिलेल्या नंबरवर फोटो पाठवला, तर मावशींचा निरोप आला: "ताडपत्री वाकडी दिसती."

उजवीकडून दुसरा, पाठमोरा, तो मी. आता सांगा, केवढा होता ढग?