वच्छलामावशीची साक्ष

तुमच्यावर केस आहे का हो? आणि पतसंस्थेचे हप्ते? मान खाली घालू नका, मी विचारतोय, जमादार नाही. माझ्यावर मोर्चे-आंदोलनांच्या चार केसेस आहेत आणि चारही मी छातीवर मिरवतो. पण सरकारी नोकरीच्या दारात त्या कशा आडव्या येतात, ते तेलगावच्या चाँद पठाणला विचारा.

चाँद पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. लेथ मशीनसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि लगेच दुष्काळ पडला. विहिरीत पाणीच नाही, तर मोटार कोण दुरुस्तीला आणणार? हप्ते थकले. त्याच उन्हाळ्यात साखर कारखान्याकडे निघालेला पाण्याचा टँकर आम्ही रस्त्यात अडवला. आधी गावाला पाणी, मग पुढं जा! गुन्हा दाखल झाला. पहिला आरोपी अर्थातच मी. चाँदही त्यात.

पुढं काही वर्षांनी चाँदची दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून निवड झाली. तिथली चारित्र्य पडताळणी लई कडक. केस असलेला माणूस भांडखोर असणार, कर्जात बुडालेला पैशासाठी फितणार, असा साहेबलोकांचा संशय. फॉर्मात केस आणि कर्ज, दोन्हींचे रकाने होते. गल्ली म्हणाली, "दोन्हीकडं 'न्हाई' लिव." चाँदनं दोन्हीकडं 'आहे' लिहिलं. हप्ते पुन्हा बांधून घेतलेत आणि फेडतोय, हेही लिहिलं.

एका सकाळी पोलीस ठाण्याचा जमादार गल्लीत चौकशीला आला, तेव्हा मी तिथंच होतो. चाँद दुकानात होता. त्याच्या घरासमोरच्या वच्छलामावशींनी मला आणि जमादाराला खुर्च्या टाकल्या, चहा दिला, आणि सुटल्याच.

"केस? आवं सायेब, आमचा चाँद ठाण्याच्या रस्त्यानं बी जात न्हाई!"

"आन् कर्ज?"

"कुणाचं काय बी देणं न्हाई!"

जमादारानं बशी खाली ठेवली. "मग त्यानं सोता 'हाय' कावून लिवलं? खोटं कोण, तो का तुमी?" हातातला कागद पुन्हा बघून म्हणाला, "आन् मावशी, केसमधी तर तुमचं बी नाव हाय! आरोपीच हमी द्यायला लागली का?"

माझं डोकं फिरलं. "ओ जमादार, बाईमाणसाशी नीट बोला!" म्हणत मी उठलो, तोवर चाँद हाताचं ग्रीस पुसत आला.

"भाऊ, तुमी खाली बसा. ही माझी नोकरी हाय, तुमचा मोर्चा न्हाई. मावशी, जे झालं ते सांगा."

मी बसलो. मला बसवणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही.

मावशींनी पदर सावरला. "बसलो हुतो सायेब रस्त्यावर. लेकरांना प्यायला पाणी नव्हतं. टँकर अडवला, तर त्याचं इंजिनच बंद पडलं. डायवर रडकुंडीला आला. तवा ह्या येड्यानंच चालू करून दिलं! अडवायचं बी ह्यानंच, दुरुस्त बी ह्यानंच!"

जमादाराला हसू आवरेना. "हे लिवतो," म्हणाला. पतसंस्थेतही जाऊन आला. हप्ते वेळेवर येतात, असं त्यांनी सांगितलं.

काही महिन्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. ईद नसताना चाँदच्या बायकोनं, गौसियानं, गल्लीभर शीरखुर्मा वाटला. "पयली वाटी माझी," मावशी म्हणाल्या. "माझ्या साक्षीनं लागलाय त्यो!" चाँद म्हणाला, "कोणत्या साक्षीनं मावशी, पयल्या का दुसऱ्या?"

आज कर्ज फिटलंय. लेथ चाँदचा भाऊ चालवतो.

तर एक मागणं आहे. शेजारच्या पोराची चौकशी करत जमादार तुमच्या दारात आला, तर त्याला चहा पाजा, पोराचं तोंडभर कौतुक करा, पण खोटं एक अक्षर बोलू नका.