सुमनची मिटलेली मूठ

अर्जदार : सुमन, वय वर्षे सहा, तर्फे आई कमल. दिवस : बाजाराचा सोमवार. ठिकाण : तहसील कचेरीबाहेरील माझे टेबल. साक्षीदार : चहावाला दगडू आणि मी स्वतः, अर्जलेखक.

तालुक्याच्या रुग्णालयातील थेरपीवाल्या ताईंची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. सुमनला ओले, चिकट काही हाताला लागलेले सोसत नाही; ती मूठ घट्ट मिटून घेते. ताईंनी खेळता खेळता तिचा हात आधी कोरड्या तांदळात, मग भिजवलेल्या कणकेत नेला होता. "भाऊसाहेब, पोरीनं एकदा पोळीसुद्धा लाटली हो," कमल सांगते.

ताईंची जागा भरावी म्हणून याआधी केलेले अर्ज अनुत्तरित राहिले. म्हणून या खेपेस अर्जाला वजन यावे यासाठी अंगठा खुद्द मुलीचाच घ्यावा, असे मी योजिले. शाई लागताच ती किंचाळली आणि हात फ्रॉकला पुसू लागली. शाई गेल्यावरही पुसतच राहिली.

"अहो, आईचा घ्या की! लेकराचा जीव घेता का?" दगडू ओरडला.

मी आईचा घेतला. आयुष्यभर मी हात धरून अंगठे उमटवले. परंतु हातालाही शिकवावे लागते, आणि शिकवणारे माणूस गेले की हात शिकलेले विसरतो, हे कोणत्या कलमात लिहावे? कचेरी म्हणते, पद यथावकाश भरले जाईल. सुमनची मूठ तोवर थांबत नाही. ती रोज थोडी अधिक मिटते.

सबब, मायबाप सरकारास नम्र विनंती की, न्याय व्हावा. नकार द्यावयाचा असल्यास तोही लेखी कळवावा, कारण दर सोमवारी ही माउली "उत्तर आलं का?" असे विचारते, आणि मला मान खाली घालावी लागते.