डोळ्यानं बघशील

नामांतराच्या आंदोलनामुळं रस्ता बंद होता आणि पालमहून निघालेली आमची एसटी भर दुपारी वाटेतच दोन तास उभी होती. शेजारच्या बाईची चार वर्षांची मुलगी ओळख नसताना माझ्या मांडीवर येऊन बसली. तिचा बाप मात्र मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस होता. त्यानं चिवड्याची पुडी पुढं केली, तशी मुलगी थरथरायला लागली. त्यानं पुडी माझ्याकडं दिली. माझ्या हातून ती निवांत खाऊ लागली.

"कुनाकडंबी जाती, बाई. माज्याकडं जलमल्यापासून न्हाई," तो म्हणाला.

मी कारण विचारलं.

"आमच्या शास्त्रात हाय. शहरात दुष्काळ होता. देवाचा संदेष्टा म्हनला, उद्या धान्य स्वस्त होईल. राजाचा सरदार हसला. संदेष्टा म्हनला, डोळ्यानं बघशील, पन खानार न्हाईस. दुसऱ्या दिवशी धान्य आलं, अन् सरदार वेशीत गर्दीच्या पायाखाली मेला." त्यानं बायकोकडं बघितलं. "लग्नाला बारा वर्सं झालती. ही म्हनली, देवानं सांगितलंय, लेकरू होईल. मी तसाच हसलो."

"देवाचा राग नाही येत?"

"सरदार मेला, बाई. मला रोज बघायला मिळतंय."

मी ख्रिस्ती नाही. पण त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, याचीच मला भीती वाटली.

मुलगी झोपली. बायकोनं त्याला खुणावलं. त्यानं हळूच हात लांबवला. तो तिच्या पावलाजवळ येताच, डोळे मिटलेलेच असताना, तिनं पाय पोटाशी ओढून घेतला.

त्यानं हात मागं घेतला आणि बघत राहिला.